पंधरा, तीस, चाळीस: पंचेचाळीस कुठे गेले?

दुसरी_सर्व्हिस

परवा नऊ वर्षांच्या पुतणीला आमच्या सोसायटीच्या कोर्टवर नेलं. कोर्ट म्हणजे पार्किंगच्या मागे बांधलेली जाळी आणि ऑइलपेंटने मारलेल्या चार रेघा. दहा मिनिटांत तिने रॅकेट खाली ठेवली आणि विचारलं, "काका, पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस? पंधराचा पाढा चुकलाय तुमचा." मी "असंच असतं गं" म्हणून वेळ मारून नेली. पण तीस वर्षं टेनिस बघणाऱ्याला एवढं उत्तर येऊ नये याची लाज वाटली. तेव्हापासून मिळेल ते वाचत सुटलोय. हाती लागलं ते इथे टाकतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं. आपण जे टेनिस बघतो ते काही शेकडो वर्षांत हळूहळू वाढत आलेलं झाड नाही. ते कलम आहे. खुंट एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचा: रबर, लोखंड, पेटंट आणि जाहिरात. त्यावर डोळा भरलाय मध्ययुगीन फ्रान्समधल्या एका वेगळ्याच खेळाचा. आणि हे कलम बांधल्याचं सालसुद्धा सांगता येतं, १८७७.

आधी तो जुना खेळ बघू. फ्रान्समधल्या मठांत बाराव्या शतकाच्या सुमारास चेंडू हाताने टोलवायचा खेळ चालायचा. नाव 'जु द पोम', म्हणजे तळहाताचा खेळ. मठाच्या मधल्या चौकाभोवती ओवऱ्या असतात ना, त्यांची उतरती छपरं, खांब, भिंती हे सगळं खेळात धरलेलं. चेंडू छपरावरून घरंगळत आला तरी चालतो, भिंतीवर आपटून आला तरी चालतो. चेंडू टाकण्याआधी समोरच्याला हाक द्यायची, 'तने!' म्हणजे 'घ्या!'. याच हाकेतून 'टेनिस' शब्द आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे हातमोजा आला, आणि सोळाव्या शतकात तात विणलेली रॅकेट सर्रास झाली. नावात मात्र तळहात राहिला तो राहिलाच.

मठातून हा खेळ राजवाड्यात गेला आणि राजांना चांगलाच बाधला. फ्रान्सचा दहावा लुई १३१६ साली व्हॅन्सेनला दमेस्तोवर खेळला, घामेजल्या अंगाने गार वाइन ढोसली आणि काही दिवसांत गेला. वय २६. आठवा चार्ल्स १४९८ साली आम्बुआजच्या वाड्यात हा खेळ बघायला निघाला होता. वाटेत दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं आणि काही तासांत तोही गेला. वय २७.

पण सगळ्यांत चटका लावतो तो स्कॉटलंडचा पहिला जेम्स. फेब्रुवारी १४३७, पर्थ गावातला ब्लॅकफ्रायर्स मठ. राजा तिथे मुक्कामाला. रात्री मारेकरी आत शिरले. राजाने खोलीतल्या जमिनीच्या फळ्या उचकटल्या आणि खालच्या मोरीत उतरला. त्या मोरीचं तोंड बाहेर उघडायचं, तिथून रांगत सुटता आलं असतं. पण टेनिस खेळताना चेंडू त्या तोंडातून आत जाऊन हरवायचे, म्हणून थोड्याच दिवसांपूर्वी राजानेच ते दगडांनी बुजवून घेतलं होतं. मारेकऱ्यांनी त्याला तिथेच गाठला. चार चेंडू वाचवले आणि जीव गेला. गल्ली क्रिकेट खेळताना गटारावर फळकूट टाकणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट जास्तच लागते.

या खेळाला आता 'रिअल टेनिस' म्हणतात. ते अजून जिवंत आहे. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्टमध्ये खेळतात, आणि स्कॉटलंडमध्ये फॉकलंड पॅलेसला १५३९ सालचं कोर्ट आजही उभं आहे. पण पूर्वीचा थाट कधीच गेला. सतराव्या शतकातच पॅरिसमधली कोर्टं ओस पडायला लागली होती. लांबट हॉल, वर छप्पर, बाजूला सज्जे, मग नाटकवाल्यांनी ती भाड्याने घेतली. नाटककार मोल्येरच्या मंडळीने १६४० च्या दशकात सुरुवात केली ती अशाच एका टेनिस कोर्टात.

आणि मग २० जून १७८९. व्हर्सायला सामान्य जनतेचे प्रतिनिधी सभागृहाशी आले तर दाराला कुलूप. ते जवळच्या टेनिस कोर्टात घुसले आणि संविधान होईपर्यंत पांगणार नाही अशी शपथ घेतली. फ्रेंच राज्यक्रांतीतली ही प्रसिद्ध 'टेनिस कोर्टाची शपथ'. एकच प्रतिनिधी नको म्हणाला. दाविदने या प्रसंगाचं जे चित्र काढलं त्यात तो उजव्या कोपऱ्यात छातीशी हात आवळून बसलेला दिसतो. राजांच्या खेळाच्या हॉलमध्येच राजेशाहीला सुरुंग लागला.

आता इंग्लंड. हा खेळ हॉलमधून बाहेर का पडत नव्हता? कारण चेंडू. कातड्यात लोकर किंवा केस ठासून भरलेला तो चेंडू फरशीवर उसळतो, हिरवळीवर मेलेल्या उंदरासारखा पडतो. (फ्रान्सच्या अकराव्या लुईला १४८० साली हुकूम काढावा लागला होता की चेंडूत चांगली लोकरच भरा, वाळू, खडू, भुसा भरू नका. भेसळ तेव्हाही होती.) अडचण सुटली ती टेनिसवाल्यांच्या हातून नाही. १८३० मध्ये एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र काढलं, त्यामुळे हिरवळ गालिच्यासारखी राखता यायला लागली. १८४४ मध्ये चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं, आणि त्यातून पोकळ, हिरवळीवरही उसळणारा चेंडू शक्य झाला. या दोन गोष्टी नसत्या तर विम्बल्डनमध्ये आज क्रोकेच (हिरवळीवर लाकडी मोगरीने चेंडू टोलवायचा खेळ) चाललं असतं.

मग आला मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड. घोडदळातला माणूस, हिंदुस्थानात आणि चीनमध्ये नोकरी करून परतलेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये त्याने पेटंट मिळवलं आणि खोकी विकायला काढली. एका खोक्यात जाळी, खांब, खुंट्या, ठोकायला मोगरी, रॅकेटी, चेंडू आणि नियमांची पुस्तिका. किंमत पाच गिनी (जुनं इंग्रजी चलन). नाव ठेवलं 'स्फेरिस्टिके', ग्रीकमध्ये चेंडू खेळायची कला. लोकांची जीभ वळेना, त्यांनी 'स्टिकी' करून टाकलं. शेवटी 'लॉन टेनिस' हे साधं नावच टिकलं.

मला धक्का बसला तो पुढे. विंगफील्डच्या कोर्टचा आकार डमरूसारखा होता, दोन्ही टोकांना रुंद आणि जाळीपाशी अरुंद. आणि गुण? एक, दोन, तीन करत पंधरापर्यंत. तेही ज्याची सर्व्हिस त्यालाच. म्हणजे १८७४ च्या लॉन टेनिसमध्ये पंधरा-तीस-चाळीस नव्हतंच! १८७५ मध्ये एमसीसीने (हो, क्रिकेटवाल्या) नियम एकसारखे केले, तेव्हाही डमरू आणि ती मोजणी दोन्ही राहिली.

१८७७ मध्ये विम्बल्डनच्या ऑल इंग्लंड क्रोके क्लबला पैशांची चणचण होती. तट्टूने ओढायचा रोलर मोडला होता, तो दुरुस्त करायचा होता. म्हणून टेनिसची स्पर्धा ठेवली. प्रवेश फी एक गिनी, खेळाडू २२. नियम ठरवायला तिघे बसले: हेन्री जोन्स, ज्युलियन मार्शल आणि सी. जी. हीथकोट. त्यांनी डमरू मोडून ७८ बाय २७ फुटांचा आयत केला. आजही सिंगल्सचं कोर्ट इंचाच्या फरकाशिवाय तेवढंच आहे. आणि पंधरापर्यंतची मोजणी टाकून त्यांनी जुन्या राजवाडी खेळाची १५, ३०, ४०, ड्यूस (४०-४० ची बरोबरी) ही मोजणी उचलली. कलम बांधलं ते इथे. अंतिम सामना बघायला सुमारे २०० लोक आले, प्रत्येकी एक शिलिंग देऊन. स्पेन्सर गोर ६-१, ६-२, ६-४ असा जिंकला.

तर पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर: पाढा बरोबर होता. १५, ३०, ४५ असंच होतं. बोलताना ४५ तोंडात जड जातं म्हणून घासून ४० झालं. पण मुळात पंधरा-पंधरा का, त्यावर तुम्ही भांडा.

---

खडीसाखर

वा! मोरीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली आहे.

---

वाड्यावरचा

उत्तम धागा. पण पंधरा-पंधराचं उत्तर तर सगळ्यांना माहीत आहे की. घड्याळ! कोर्टच्या टोकाला घड्याळाची तबकडी असायची, प्रत्येक गुणाला काटा पाव फेरा सरकवायचा. १५, ३०, ४५, आणि ६० झाले की गेम.

---

दुसरी_सर्व्हिस

@वाड्यावरचा, मीही शाळेपासून हेच ऐकत आलोय. अडचण अशी की पंधरानी मोजायची पद्धत पंधराव्या शतकातल्या लिखाणात दिसते, आजँकूरच्या लढाईवरच्या (१४१५) एका इंग्रजी कवितेत तोफगोळ्यांचे फटके असेच मोजलेत. तेव्हाच्या घड्याळांना मिनिटकाटा नव्हता. तासाचा एकच काटा असताना पाव फेरा म्हणजे तीन झाले असते, पंधरा नाही.

दुसरं मत मला जास्त पटतं. हा पैजेचा खेळ होता. पंधरा दनिए (जुनी फ्रेंच चिल्लर) किमतीचं एक नाणं फ्रान्समध्ये चालायचं, गुणागणिक तेवढं लावायचं. चार गुणांचे झाले साठ. शाबीत झालेलं नाही, पण मिनिटकाट्यापेक्षा पैसा जुना, एवढं नक्की.

ड्यूसचं मात्र सरळ आहे. फ्रेंच 'दे' म्हणजे दोन, अजून दोन गुण हवेत. लव्ह म्हणजे फ्रेंच 'लफ' (अंडं), शून्यासारखं दिसतं म्हणून, हे ऐकायला गोड आहे. पण फ्रेंच लोक स्वतः टेनिसमध्ये शून्याला अंडं म्हणत नाहीत, सरळ शून्य म्हणतात. 'फुकट, नुसत्या प्रेमाखातर खेळणं' यावरून आला असेल हे मला बरं वाटतं.

---

कोर्टकचेरी

आयडीला जागून बाजू मांडतो. विंगफील्डला फार भाव देताय. पेटंट घेणारा आणि शोधणारा यांत फरक असतो, आमच्या धंद्यात रोज दिसतो. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनमध्ये हॅरी जेम नावाचा वकील (बघा!) आणि त्याचा स्पॅनिश व्यापारी मित्र ऑगुरिओ पेरेरा १८६० च्या आगेमागेच पेरेराच्या क्रोकेच्या हिरवळीवर असाच खेळ खेळत होते. १८७२ मध्ये दोघे लेमिंग्टनला गेले आणि दोन डॉक्टरांना धरून त्यांनी क्लबच काढला. जगातला पहिला लॉन टेनिस क्लब तो. विंगफील्डच्या खोक्याच्या दोन वर्षं आधी. जेमने १८७४ मध्ये छापून तक्रारही केली होती की हा खेळ आम्ही कधीपासून खेळतोय.

---

दुसरी_सर्व्हिस

मान्य, वकीलसाहेब. जेम-पेरेरा आधी. पण त्यांनी खेळ दोन गावांत ठेवला, विंगफील्डने तो खोक्यात घालून टपालाने आणि आगगाडीने जगभर धाडला. वर्षभरात खोकी हिंदुस्थान, कॅनडा, चीन कुठे कुठे पोचली. शोध कुणाचा हा प्रश्न वेगळा, पसरला कुणामुळे हा वेगळा. वडापाव पहिल्यांदा कुणी केला यावर भांडतात, पण गाडीवाल्यांशिवाय तो पसरला असता का?

आणि विंगफील्डला मिळालं काय? १८७७ च्या नियमांनी त्याचा डमरूही गेला, मोजणीही गेली, पेटंटही त्याने पुढे चालवलं नाही. खोकं राहिलं, आतलं सगळं बदललं.

---

भारतभूषण_६२

हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. चेंडूचा उल्लेख पुराणांत आहे. इंग्रजांनी नाव बदलून विकलं.

---

खडूस_काका

@भारतभूषण_६२ चेंडू होता की. कृष्णाने यमुनेत घालवला, बॉलबॉय नव्हता म्हणून स्वतःला उडी मारावी लागली. पण जाळी, रॅकेट आणि ड्यूस कुठल्या पुराणात आहे ते सांगा, मी वाचतो.

(बाकी कृष्ण वाचला, जेम्स बुडाला. दोघांचाही चेंडू पाण्यातच.)

---

भारतभूषण_६२

असू द्या. बॅडमिंटन तरी आपल्या पुण्याचं आहे हे मान्य कराल का?

---

दुसरी_सर्व्हिस

ते आनंदाने. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी नियम बसवले आणि खेळाला 'पूना'च म्हणायचे. नंतर ग्लूस्टरशरमधल्या बॅडमिंटन हाउसवरून नाव पडलं. टेनिस आणि बॅडमिंटनचा सध्याचा घाट साधारण एकाच दशकात ठरला, हे मला या वाचनातच कळलं. मोकळे बसलेले लष्करी अधिकारी, दोन्हीकडे तेच.

---

चकवा

जुन्या खेळात सर्व्हिस एकाच बाजूने करतात असं कुठेतरी वाचलेलं. मग दुसऱ्याला पाळी येते कशी?

---

दुसरी_सर्व्हिस

@चकवा, जुन्या खेळातली ही माझी सगळ्यांत आवडती भानगड. तिथे चेंडूचा दुसरा टप्पा पडला की गुण लगेच जातोच असं नाही. दुसरा टप्पा जिथे पडला त्या जागेची खूण धरतात, तिला 'चेस' म्हणतात. गुण उधारीवर. मग बाजू बदलायच्या, आणि ज्याने चेंडू सोडला होता त्याने मागच्या भिंतीच्या आणखी जवळ दुसरा टप्पा पाडून दाखवायचा. जमलं तर उधारी फिटली, नाहीतर गुण गेला. बाजू बदलते म्हणून सर्व्हिस बदलते. मार्कर नावाचा माणूस उभा राहून कुणाची किती उधारी ते ओरडत असतो. कोपऱ्यावरच्या वाण्याची वही डोळ्यांसमोर आणा.

लॉन टेनिसवाल्यांनी मोजणी घेतली, ही उधारी सोडली. नाहीतर हिरवळीवर खुणा करत बसावं लागलं असतं.

---

मृण्मयी_ठाणे

धागा छान, पण बायका कुठे आहेत? मी भर घालते.

१४२७ साली पॅरिसमध्ये एनोहून (आजच्या बेल्जियमकडचा मुलूख) आलेली मार्गो नावाची बाई पुरुषांबरोबर जु द पोम खेळायची. तळहाताने आणि हाताच्या मागच्या बाजूनेही. अगदी तगडे पुरुष सोडले तर बाकीच्यांना हरवायची, असं त्या काळच्या एका पॅरिसकराच्या रोजनिशीत नोंदवलंय. तेव्हाच फोरहॅंड-बॅकहॅंड दोन्ही!

विम्बल्डनला बायकांची स्पर्धा १८८४ पासून. पहिल्या वर्षी १३ जणी. अंतिम सामना सख्ख्या बहिणींचा, मॉड वॉटसनने लिलियनला हरवलं. १८८७ मध्ये लॉटी डॉड जिंकली तेव्हा १५ वर्षांची होती. परकर-पोलक्याच्या वयात आणि जवळपास तशाच कपड्यांत.

आणि हे मराठी वाचकांसाठी खास. १९३४ मध्ये विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव. तिची आई पंडिता क्षमा राव, पुण्यात जन्मलेल्या, संस्कृतात काव्यं लिहिणाऱ्या, आणि स्वतःही टेनिस खेळणाऱ्या. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित. १८६९ मध्ये ज्यांच्या देखरेखीखाली तुकोबांच्या गाथेची इंदुप्रकाश आवृत्ती निघाली ते. गाथेच्या संपादकाची नात विम्बल्डनच्या हिरवळीवर! ही गोष्ट कुणी सांगत कसं नाही?

---

खडीसाखर

@मृण्मयी_ठाणे हे स्वतंत्र धाग्याचं काम आहे. मनावर घ्या.

---

दुसरी_सर्व्हिस

+१. मला लीला राव हे नाव माहीत होतं, तुकोबांपर्यंतचा धागा नव्हता.

भारताचं थोडक्यात उरकतो. विम्बल्डननंतर आठच वर्षांत, १८८५ मध्ये लाहोरला पंजाबची स्पर्धा सुरू झाली, १८८७ मध्ये कलकत्त्याला बंगालची. १९२१ मध्ये डेव्हिस कपमध्ये (देशादेशांच्या संघांची टेनिस स्पर्धा) आपला पहिलाच संघ उतरला आणि पॅरिसमध्ये फ्रान्सला ४-१ ने हरवून आला. त्या संघात लाहोरचे मोहम्मद सलीम होते, मुंबईच्या फैझी घराण्यातलेही होते. १९३९ मध्ये घौस मोहम्मद विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत गेले. १९६० आणि १९६१ मध्ये रामनाथन कृष्णन उपांत्य फेरीत. १९७४ मध्ये डेव्हिस कपचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी होता. वर्णद्वेषाच्या निषेधात भारत खेळलाच नाही, कप सोडून दिला. त्या निर्णयाबद्दल मला अभिमान आहे आणि हळहळही आहे, दोन्ही एकदम.

---

सांगलीकर_जुना

कृष्णनचं नाव निघालं म्हणून सांगतो. आमच्या सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिसच खेळायचे. ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात या कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय झाले. कृष्णनचे आभारच मानायला हवेत. आणि मुलगा गौरव नाटेकर परत टेनिसमध्ये!

---

गोंयकार

पेसांक विसरलां काय? लिअँडरचे वडील वेस पेस मूळ आमचे गोंयचे, १९७२ म्युनिकला हॉकीचं ब्राँझ. मुलाचं १९९६ अटलांटाला टेनिसमध्ये ब्राँझ. एका घरात दोन खेळांची दोन पदकं.

---

गावठी_बॅकहॅंड

इथे सगळे हिरवळीवर लोळताहेत. मी शेणाच्या कोर्टवर शिकलोय, तेही इतिहासात घाला.

वडील साखर कारखान्यात होते. कॉलनीत ऑफिसर्स क्लबचं एकच कोर्ट. माती, त्यावर शेणाचा सडा. माळीमामा पहाटे चारपाच घमेली शेण पाण्यात कालवायचे, गाळून घ्यायचे (काडी राहिली की चेंडू वाकडा उडतो) आणि केरसुणीच्या मोठ्या झाडूने एका टोकापासून मागे मागे सरकत सारवायचे. ऊन चढेस्तोवर वाळलं की रोलर. मग दोरी ताणून चुन्याच्या रेघा. संध्याकाळी पाचला कोर्ट असं लागायचं की चेंडू पायाशी नाही, कंबरेला यायचा. जुने लोक सांगायचे, परदेशी खेळाडू या कोर्टवर गोंधळायचे. आम्ही मात्र पडलो की गुडघ्याला हिरवा-करडा डाग. आईला वासावरून कळायचं कुठे होतो ते.

रॅकेट लाकडी. पावसाळ्यात वाकू नये म्हणून चार स्क्रूच्या चौकटीत आवळून ठेवायची, त्याला 'प्रेस' म्हणायचो. गटिंग (रॅकेटच्या तारा) तुटलं की ती एसटीने कोल्हापूरला जायची आणि आठ दिवसांनी यायची. त्या आठ दिवसांत भिंतीवर हाताने खेळायचो. आता कळतंय, आम्ही बाराव्या शतकात होतो.

---

खडूस_काका

@गावठी_बॅकहॅंड या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. लाकडी रॅकेटीबरोबर खरं टेनिस गेलं. आता नुसती धोपटाधोपटी.

---

दुसरी_सर्व्हिस

काका, हे तुमचं आवडतं गाऱ्हाणं. पण एक मजा सांगतो. रॅकेट म्हणजे काय, याचा नियम टेनिसमध्ये १९७८ पर्यंत नव्हताच! तुम्ही पोळपाट घेऊन उतरला असता तरी कुणी अडवू शकलं नसतं.

नियम आला तो एका जर्मन माणसामुळे. वेर्नर फिशर, बागकामवाला. त्याने तारांचे दोन थर एकमेकांवर सरकतील अशी विणलेली रॅकेट काढली, मध्ये प्लॅस्टिकच्या नळ्या. नाव पडलं 'स्पघेटी'. चेंडू इतका फिरायचा की समोरच्याला आवाजही नीट यायचा नाही. १९७७ मध्ये रुमानियाचा नस्तासे ती घेऊन अर्जेंटिनाच्या विलासविरुद्ध उतरला. विलास मातीच्या कोर्टवर त्या वेळी कुणाला हार जात नव्हता. दोन सेट गेल्यावर वैतागून त्याने सामनाच सोडला. लगेच बंदी आली, आणि पुढच्या वर्षी रॅकेटची व्याख्या.

लाकडी रॅकेटने ग्रँड स्लॅम (चार मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकणारा शेवटचा पुरुष यानिक नोआ, फ्रेंच ओपन १९८३. त्यानंतर ग्रॅफाइट.

---

चकवा

पिवळा चेंडू कधी आला? जुन्या फोटोत पांढरे दिसतात.

---

दुसरी_सर्व्हिस

१९७२. रंगीत टीव्हीवर पांढरा चेंडू दिसेना म्हणून. विम्बल्डनवाल्यांनी १९८६ पर्यंत पांढराच धरून ठेवला. त्यांचा सोवळेपणा जगजाहीर आहे.

---

लीड्सकर

सोवळेपणावरून एक. १९६८ पर्यंत विम्बल्डनला फक्त हौशी खेळाडू. पैसे घेऊन खेळणाऱ्याला बंदी. मग हौशी खेळाडू जगायचे कसे? 'प्रवासखर्च' नावाच्या पाकिटावर. सगळ्यांना माहीत, कुणी बोलायचं नाही. शेवटी इंग्लंडनेच पुढाकार घेऊन हे ढोंग मोडलं. एप्रिल १९६८ मध्ये बोर्नमथला पहिली खुली (हौशी आणि व्यावसायिक दोघांना मोकळी) स्पर्धा झाली, आणि तिथे मार्क कॉक्स या हौशी खेळाडूने पांचो गोन्झालेससारख्या मुरलेल्या व्यावसायिकाला हरवलं. त्याच वर्षी विम्बल्डनला रॉड लेव्हरला २,००० पौंड, बिली जीन किंगला ७५० पौंड. तिथे दोघांना सारखं बक्षीस मिळायला २००७ उजाडलं. अमेरिकन ओपनने ते १९७३ मध्येच केलं होतं.

अवांतर: १८७९ च्या विम्बल्डनचा उपविजेता व्हेअर सेंट लेजर गूल्ड पुढे १९०७ मध्ये माँटे कार्लोत बायकोसह खुनाच्या प्रकरणात सापडला. मृतदेह ट्रंकेत घालून मार्सेला नेला, स्टेशनवर हमालाला वास आला. गूल्ड डेव्हिल्स आयलंडवर (फ्रेंचांचं काळं पाणी) मेला. हॉकआयची (चेंडू रेघेच्या आत की बाहेर ते दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांची) गरज पडली नाही.

---

कोर्टकचेरी

@लीड्सकर ही केस मला माहीत नव्हती! दुसरी_सर्व्हिस, तुमच्या राजांच्या यादीत उपविजेतेही घाला.

---

वाड्यावरचा

घड्याळाचा दावा मागे घेतो. पण टायब्रेक (सेट बरोबरीत अडकला की निकाल लावायचा तो छोटा डाव)? तोही १८७७ चाच का?

---

दुसरी_सर्व्हिस

छे, तो अगदी अलीकडचा. १९६९ च्या विम्बल्डनला ४१ वर्षांचा गोन्झालेस (वरचाच) आणि पासारेल यांचा सामना ११२ गेम चालला. पहिला सेट २२-२४. अंधार पडल्यावर गोन्झालेस भडकला, दुसऱ्या दिवशी येऊन पाच सेटमध्ये जिंकला. टायब्रेक ही जिमी व्हॅन अॅलनची कल्पना. तो माणूस ड्यूसच्या नावाने खडे फोडायचा. अमेरिकन ओपनने १९७० मध्ये घेतली, विम्बल्डनने १९७१ मध्ये, तीही आधी ८-८ ला. शेवटच्या सेटला सूट होती, म्हणून २०१० मध्ये इस्नर आणि माहू तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं खेळत बसले. शेवटचा सेट ७०-६८. फलकाने ४७-४७ ला मान टाकली होती.

गंमत म्हणजे टायब्रेकमध्ये गुण एक, दोन, तीन असे मोजतात. म्हणजे विंगफील्डची मोजणी मागच्या दाराने परत आली.

---

मृण्मयी_ठाणे

पुतणीला सांगितलंत का मग?

---

दुसरी_सर्व्हिस

सांगितलं. ती म्हणाली, "मग आपण पंचेचाळीसच म्हणू या." आता आमच्या पार्किंगमध्ये १५, ३०, ४५ असं चालतं. ७ बी विंगच्या आजोबांनी दोनदा दुरुस्त केलं, तिने ऐकलं नाही.

---

गावठी_बॅकहॅंड

माळ्यावर शोधली. प्रेस सापडली, एक पंखवाला नट गंजून बसलाय, रॅकेट अजून आतच आहे. खोबरेल सोडून ठेवलंय. नट सुटला की फोटो टाकतो.